श्वान उपसमितीचे अध्यक्षपद

आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीकडे कोणतीही तक्रार लेखी देऊ नये, हे निवृत्तीनंतर मी इथे राहायला आलो तेव्हा कोणीतरी वेळीच सांगायला हवे होते. तोंडी तक्रार हवेत विरून जाते. लेखी तक्रारीचे निवारण करावे लागते, आणि ते ज्याने तक्रार केली त्याच्याकडेच सोपवावे अशी इथली जुनी वहिवाट आहे. गच्चीवरची टाकी गळते, असे लिहून देणारे सद्गृहस्थ गेली चार वर्षे टाकीप्रमुख आहेत. मी लिहिले होते ते इतकेच, की फाटकाबाहेरची सहा कुत्री रात्री अडीच ते चार या वेळात एकदम भुंकतात, त्याऐवजी त्यांनी पाळीपाळीने भुंकावे अशी काही व्यवस्था होऊ शकेल काय. पुढच्याच बैठकीत ‘श्वान उपसमिती’ स्थापन झाली. तिचा अध्यक्ष मी, सदस्य मी आणि पत्राखाली सही माझी असल्यामुळे निमंत्रकही मीच.

उपसमितीचा पहिला ठराव अर्थातच बाटल्यांचा होता. लाल पाण्याने भरलेली बाटली दारासमोर ठेवली की कुत्रे तिथे घाण करत नाही, ही श्रद्धा आपल्याकडे पंथभेद ओलांडून गेलेली आहे. देव न मानणारी माणसेही बाटली मानतात. आमच्या घरातून कुंकवाच्या पाण्याच्या अकरा बाटल्या निघाल्या आणि कुंपणाशी ओळीने उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीतली मंडळी निळीचे पाणी भरतात आणि लाल बाटलीला अंधश्रद्धा म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका पशुवैद्यांनी सांगितले, की कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग कळतात, लाल मात्र त्याला मळकट, करडट दिसतो. थोडक्यात, आम्ही सहा कुत्र्यांसमोर गढूळ पाण्याच्या अकरा बाटल्यांचे प्रदर्शन मांडले होते. ही बातमी मागच्या गल्लीत पोचताच निळपंथीयांना आनंदाचे भरते आले. पण त्याच संध्याकाळी आमच्या कालूने त्यांच्या कोपऱ्यावरच्या बाटलीवर तंगडी वर केली, आणि रंग स्वच्छ दिसत असल्यामुळे त्याचा नेम जराही चुकला नाही.

दुसरा उपाय सोसायटीच्या अध्यक्षांनी सुचवला. जनावराच्या डोळ्याला डोळा भिडवून ठाम उभे राहिले की ते मागे हटते, असे त्यांचे मत होते, आणि त्याचे प्रात्यक्षिक त्यांनी रविवारी सकाळी चौदा सभासदांसमोर करून दाखवले. डोळे रोखून पाहणे ही कुत्र्याच्या भाषेत लढाईची हाक असते, हे आम्हांला त्यांच्या पोटरीवरून कळले. मग उपचारांवर चर्चा सुरू झाली. एक गट हळद दाबा म्हणत होता, दुसरा चुना लावा म्हणत होता, आणि एका आजोबांनी तर तिखट भरायला सांगून वाटीही मागवली होती. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या नलूमावशी खाली आल्या, त्यांनी सगळ्यांना बाजूला सारले आणि बागेच्या नळाखाली साबण लावून अध्यक्षांचा पाय घड्याळाप्रमाणे पंधरा मिनिटे धुतला. डॉक्टरांनी नंतर सांगितले, की त्या सकाळी घडलेली एवढी एकच गोष्ट शहाणपणाची होती. पोटात चौदा सुया बसणार या धास्तीने अध्यक्षांनी मृत्युपत्राची फाईल जवळ घेतली होती. ती जुनी लस बंद होऊनही वीस वर्षे झाली, आता दंडात पाच घ्यायच्या असतात. त्यांचे दिवस शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस असे मोजतात, त्यामुळे अध्यक्षांचा सगळा महिना शून्यापासून सुरू झाला. या एका बाबतीत मात्र मी चेष्टा करत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर वैद्यकाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही, तेव्हा सुया चुकवू नयेत.

नलूमावशी म्हणजे माझ्या उपसमितीचा विरोधी पक्ष. रात्री साडेनऊला हळद घातलेल्या, अळणी भाताचे पातेले घेऊन त्या खाली उतरतात आणि सहाही कुत्र्यांना नावाने पंगतीला बसवतात. मी एकदा सौम्य शब्दांत हरकत घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले होते. मी तर नुसता भात घालते, तोही विनातुपाचा.” मी म्हणालो, “मावशी, तिथे कुत्रे पुढे आणि नामदेव मागे होते. इथे मी पुढे असतो आणि कुत्री मागे.” त्यावर त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले आणि उरलेला भात कालूच्या पुढ्यात सारला.

कायद्याचा आधार घ्यावा म्हणून मी ब विंगमधल्या वकील मुलीकडे गेलो, ही माझी दुसरी चूक. “काका, पहिली गोष्ट म्हणजे त्यांना भटकी म्हणायचे नाही,” ती म्हणाली. “नव्या नियमांत ते सामुदायिक प्राणी आहेत.” मग तिने १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखालचे २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम माझ्यासमोर मांडले. त्यांचा मथितार्थ असा, की कुत्र्याला मारता येत नाही, हाकलता येत नाही, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडता येत नाही. पालिकेने त्याला पकडावे, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, कानाला खूण म्हणून खाच पाडावी आणि जिथून उचलले तिथेच परत आणून सोडावे. “आणि तुमच्या सोसायटीने,” ती पुढे म्हणाली, “त्यांच्या जेवणाची जागा ठरवून द्यावी. मुले खेळतात तिथे नको, जिन्याशी नको, फाटकाशी नको.” कुत्र्यांना घालवण्यासाठी नेमलेल्या माझ्या उपसमितीचे पहिले वैधानिक कर्तव्य त्यांची खानावळ काढणे हे निघाले. आम्ही टेप घेऊन आवार मोजले. खेळाची जागा, जिने आणि फाटक वगळल्यावर अठ्ठावीस सदनिकांच्या त्या आवारात जी सहा बाय चारची जागा शिल्लक राहिली, ती माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली होती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये माझ्या आयुष्यात अकरा सुखाचे दिवस आले. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. दिल्ली इथून शेकडो कोस दूर असली तरी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप समूहावर विजयाच्या आरोळ्या उठल्या, अध्यक्षांनी लंगडत येऊन पेढा दिला आणि नलूमावशींनी दोन दिवस कोणाच्या नमस्काराला उत्तर दिले नाही. २२ तारखेला, गणपतीला जेमतेम पाच दिवस उरलेले असताना, तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलला: पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची नसबंदी व लसीनंतर मूळ जागी सोडावीत, खाऊ घालायचे ते ठरवून दिलेल्या जागीच घालावे, आणि हे आता देशभर लागू. म्हणजे जी खानावळ नियमांमुळे माझ्या खिडकीखाली आली होती, तिच्यावर आता सर्वोच्च शिक्कामोर्तब झाले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवावीत आणि तिथे परत सोडू नयेत असा आदेश आला, तेव्हा आमच्या खजिनदारांनी अत्यंत गांभीर्याने सुचवले, की क्लब हाऊसमध्ये एक बालवाडी काढावी, म्हणजे आपण शैक्षणिक संस्था होऊ. मुले कुठून आणायची हा प्रश्न निघाला आणि सभेतल्या ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोजल्यावर विषय तहकूब झाला.

रात्री झोप नसल्यामुळे वाचन वाढते. त्यात मला कळले, की हा गुंता कंपनी सरकारलाही सुटलेला नव्हता. मुंबईत इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायला दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले होते, आणि त्यावरून जून १८३२ मध्ये शहरात दंगल उसळली. पारशांच्या अंत्यविधीत मृतावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्यामुळे त्यांच्या लेखी ते पवित्र जनावर. पारसी पुढे झाले, इतर व्यापारीही मागे राहिले नाहीत, बाजार बंद पडले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. ज्यांच्या राज्यावर पुढे सूर्य मावळेनासा झाला त्यांना जे जमले नाही, ते एका सेवानिवृत्त हिशेबनिसाने अकरा बाटल्यांच्या बळावर करायला निघावे, याचे मला त्या रात्री हसू आले. नंतर अडीच वाजले.

शेवटी मी पालिकेत अर्ज केला. तिथल्या डॉक्टरांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, की नुसती कुत्री नेल्याने काही होत नाही. जोवर उकिरडा आणि पातेले जागेवर आहे तोवर हद्द मोकळी राहत नाही, जुनी गेली की शेजारची नवी येतात. कुत्री दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोनदा विते, म्हणून शंभरातल्या सत्तरांची तरी नसबंदी थोड्या काळात उरकली पाहिजे, नाहीतर मागचे पुढे आणि पुढचे मागे. “तुमच्याकडे किती आहेत?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “सहा. आणि एक ब्रूनो.”

ब्रूनोची हकिकत वेगळी आहे. अ विंगमधले एक भाडेकरू परदेशी गेले. फ्रीज विकला, सोफा भावाला दिला, झाडे शेजाऱ्यांना दिली आणि लॅब्राडोर फाटकाबाहेर ठेवला. भटके असण्याचे कसलेही शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. तो कचऱ्याला तोंड लावत नसे, दुसऱ्या कुत्र्याला वाट देत असे आणि दर संध्याकाळी लिफ्टच्या दारासमोर बसून राहत असे. त्याला फक्त इंग्रजी येत होते. ‘सिट’ म्हटले की बसे. ‘हाड’ मात्र त्याने जन्मात ऐकले नव्हते, आणि सगळेच जण आपल्याकडे पाहून तोच शब्द उच्चारतात म्हटल्यावर ते आपले नवे नाव असावे असा त्याने समज करून घेतला. कोणी ‘हाड’ म्हणाले की तो धावत जवळ येई.

पालिकेची गाडी आली तेव्हा कोपऱ्यावर तिच्या इंजिनाचा आवाज होताच सहाही कुत्री अंतर्धान पावली. चार माणसे जाळी घेऊन दीड तास हिंडली. मागे वळून पाहतात तो ब्रूनो गाडीत, चालकाच्या शेजारच्या सीटवर, खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलेला. त्याच्या माहितीप्रमाणे मोटार ही फिरायला नेण्यासाठीच येते. “हा पाळीव आहे, गळ्यात पट्टा आहे,” मुकादम म्हणाला, “याला नेता येणार नाही. मालक कोण?” जमलेल्या बावीस सभासदांनी काही न बोलता उपसमितीच्या अध्यक्षाकडे पाहिले. तो उतरेना, गाडी हलेना आणि रस्ता तुंबलेला. अखेर मुकादमाने पुढे केलेल्या कागदावर ‘मालक’ या शब्दापुढे मी सही केली.

दुसऱ्या खेपेला नलूमावशींनी मदत केली. नसबंदी झालीच पाहिजे हे त्यांचे पहिल्यापासूनचे मत होते. मी त्यांना कधी विचारलेच नव्हते. त्यांनी पातेले वाजवले, सहाही जण आले, आणि ती गाडीत चढवली जात असताना मावशी पदराने डोळे पुसत मुकादमाला कोणते कोण आणि कोणाला भात गरम लागत नाही हे सांगत होत्या. पाच रात्री फाटकाशी आमची कुत्री नव्हती, म्हणून मागच्या गल्लीतली कुत्री येऊन भुंकून गेली. डॉक्टरांचे म्हणणे इतक्या तंतोतंत खरे ठरेल असे वाटले नव्हते.

सहाव्या दिवशी गाडी परत आली. मागचे दार उघडले, एकेक कुत्रे कानाची ताजी खाच मिरवत खाली उतरले, आणि मी सवयीने मोजले. सात. सातवे एक पांढरे, दणकट, डाव्या डोळ्याशी काळा ठिपका असलेले कुत्रे होते आणि ते मी आयुष्यात पाहिलेले नव्हते.

“अहो, हे आमचे नाही,” मी म्हणालो.

मुकादमाने कागद पाहिला. “तुमच्या गल्लीची सात लिहिली आहेत, साहेब.”

“सहा दिली होती.”

“मग एक जास्तच आले की. कमी आले असते तर तक्रार समजली असती.”

मी म्हणालो, याला याच्या जागी नेऊन सोडा. त्याने मला समजावले, की उचलले तिथेच सोडायचे असा नियम आहे, कागदावर उचलल्याची जागा ही आहे, आणि इथून उचलून दुसरीकडे सोडले तर तो नियमभंग होईल. हवे तर लेखी तक्रार द्या. लेखी तक्रार म्हणताच मी पोचपावतीवर सही करून दिली.

पांढरे कुत्रे कुंपणाच्या कडेने सावकाश चालत गेले. त्याने अकराही लाल बाटल्या क्रमाने हुंगल्या, त्यांतली माझ्या खिडकीखालची पसंत केली, पंजाने आडवी पाडली आणि तिच्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. मी खिडकीत जाऊन, होता नव्हता तो सगळा जोर लावून, “हाड!” असे ओरडलो.

लिफ्टसमोरून ब्रूनो शेपूट हलवत धावत आला.