खासदारांना औषधातलं काय कळतं, असं विचारणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी दुपारी भाची वक्तृत्व स्पर्धेचं भाषण घेऊन दुकानात आली. "आत्या, फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस." पहिली दोन पानं चांगली झाली. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, "संसदेच्या समित्या म्हणजे निव्वळ चहापान. लस आणि औषधांचे निर्णय तज्ज्ञांवर सोडले असते, तर देश दहा वर्षं पुढे असता." मी विचारलं, हे कुठून आणलंस? "आजोबांनी ग्रुपवर टाकलं होतं."

आजोबा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. तोच मेसेज आमच्या केमिस्टांच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. चूक माझीच. आता सोळा वर्षांची मुलगी तो माइकसमोर म्हणणार म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमधले मुद्दे थोडक्यात असे. समित्यांच्या बैठका म्हणजे पैशांची नासाडी. नववी पास खासदाराला औषधातलं काही कळत नाही, ते काम तज्ज्ञांचं. खासदारांनी नाक खुपसलं म्हणून मुलींची कॅन्सरची लस रखडली. आता सगळ्या योजना पोर्टलवर आहेत, कॉम्प्युटर चुका पकडतो, मग संसदेने तपासायला उरलं काय? आणि शेवटी, संसद चालवायला मिनिटाला अडीच लाख रुपये लागतात.

सगळ्यात घातक मुद्दा तज्ज्ञांचा आहे, म्हणून आधी तोच घेते. मी फार्मासिस्ट आहे, बावीस वर्षं मेडिकल चालवते. तज्ज्ञांबद्दल आदर कसा ठेवायचा, हे मला कुणी शिकवायला नको. पण बाबा, तुम्ही हा मेसेज पुढे ढकललात, तर राज्यसभेच्या अखत्यारीतल्या आरोग्यविषयक स्थायी समितीचा ५९वा अहवालही वाचा. तो ८ मे २०१२ रोजी मांडला गेला आणि देशात नव्या औषधांना परवानगी देणाऱ्या सीडीएससीओ या केंद्रीय यंत्रणेवर आहे. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो वाचायला हवा.

समितीने ४२ औषधं निवडली आणि मंत्रालयाकडे त्यांच्या परवानगीच्या फायली मागितल्या. तीन औषधांच्या फायली सापडतच नाहीत, असं उत्तर आलं. पेफ्लॉक्सासिन, लोमेफ्लॉक्सासिन आणि स्पारफ्लॉक्सासिन ही ती तीन प्रतिजैविकं. माझ्याकडे शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांचं एखादं बिल सापडलं नाही तर ड्रग इन्स्पेक्टर नोटीस देतो, आणि तो देतो ते बरोबरच आहे. इथे देशभर विकायला दिलेल्या औषधाची अख्खी फाईल गायब होती. कुणी तरी मागितली म्हणून ती गायब असल्याचं कळलं.

उरलेल्या ३९ मध्ये ११ औषधं अशी निघाली की त्यांची तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे परवानगीआधी मोठ्या संख्येने रुग्णांवर घ्यायची चाचणीच झालेली नव्हती. आणखी एक यादी अहवालात आहे: जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३३ औषधांना भारतीय रुग्णांवर एकही चाचणी न करता परवानगी मिळाली.

आता तज्ज्ञांकडे येऊ. औषधाला परवानगी देण्याआधी देशातल्या नामवंत डॉक्टरांची मतं मागवली जातात. समितीने ती पत्रं समोर ठेवून वाचली. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या संस्थांतल्या डॉक्टरांची पत्रं शब्दाला शब्द सारखी होती. अशी अनेक मतं औषध कंपन्यांच्याच अदृश्य हातांनी लिहिलेली आहेत आणि तज्ज्ञांनी फक्त सह्या केल्या आहेत, असा निष्कर्ष काढण्याइतका कागदोपत्री पुरावा आहे, हे समितीने अहवालात स्पष्ट लिहिलं.

हे ओळखायला औषधशास्त्राची पदवी लागते का? तीन डॉक्टरांच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या एकाच अक्षरात माझ्या काउंटरवर आल्या, तर दुकानात नवीन लागलेला पोरगासुद्धा मला हाक मारेल. खासदाराला रेणूची रचना कळण्याची गरज नाही. त्याला कागद मागवण्याचा अधिकार आहे, सचिवाला समोर बसवून "हे सारखं कसं?" असं विचारण्याचा अधिकार आहे. तो अधिकार मला नाही, तुम्हाला नाही, माझ्या संघटनेलाही नाही. तज्ज्ञ सरकारला सल्ला देतात हे ठीक. पण तो सल्ला खरोखर त्यांचाच आहे का, हे तपासणार कोण?

त्याच अहवालात फ्लुपेन्थिक्सॉल आणि मेलिट्रासेन यांच्या मिश्रणाबद्दलही आहे. नैराश्यावर द्यायचं हे औषध मूळ डेन्मार्कच्या कंपनीचं, पण खुद्द डेन्मार्कमध्ये त्याला परवानगी नव्हती. आपल्याकडे ते सर्रास लिहिलं जायचं, मीही ते विकलं आहे. जून २०१३ मध्ये केंद्राने त्यावर बंदीचा आदेश काढला, पट्ट्या स्टॉकिस्टकडे परत गेल्या. राज्यांनी परस्पर परवाने दिलेल्या मिश्र औषधांचा, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं घातलेल्यांचा प्रश्नही याच अहवालात होता. पुढे अशी मिश्रणं तपासायला कोकाटे समिती नेमली गेली आणि मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. प्रकरण कोर्टात गेलं, पुन्हा तपासणी झाली, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ वर बंदी आली. हे सगळं एकट्या संसदीय समितीने केलं, असं मी म्हणणार नाही. न्यायालयं होती, जनहित याचिका करणारे कार्यकर्ते होते. पण फाईल उघडली ती त्या "चहापाना"त.

लशीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस आपल्याकडे रखडली, तिच्याबद्दल भीती बसली आणि त्या भीतीची किंमत बायकांनी मोजली. माझी भाची त्याच वयाची आहे, मला याचं वाईट वाटतं. पण क्रम तरी नीट लावा. आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात सुमारे २४ हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प एका परदेशी संस्थेने आयसीएमआरला, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला सोबत घेऊन चालवला. सात मुलींच्या मृत्यूनंतर गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनेच तो थांबवला. संसदीय समितीचा ७२वा अहवाल आला ऑगस्ट २०१३ मध्ये. तीन वर्षांनी आलेल्या अहवालाने तीन वर्षं आधी प्रकल्प कसा अडवला?

त्या मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचं सरकारी चौकशीत आढळलं नाही, हेही सांगायलाच हवं. समितीचा मुख्य आक्षेप संमतीवर होता. आंध्रातल्या तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे. आदिवासी पाड्यातली मुलगी आश्रमशाळेत राहते, तिच्या आईला काही माहीत नाही, आणि वॉर्डन सही करून मोकळी होते. उद्या भाचीच्या शाळेत असं झालं तर तुम्ही स्वस्थ बसाल का, बाबा? लस चांगली आहे म्हणून विचारायचं नाही, हे मला पटत नाही. आईबापांना विचारून, समजावून दिली असती तर ती भीतीच इतकी पसरली नसती, असं माझं ठाम मत आहे. आज पुण्यात बनलेली लस आहे, २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली, आणि मी प्रत्येक मुलीच्या आईला ती घ्यायला सांगते.

"सगळं पोर्टलवर आहे, आता तपासायला काय उरलं" या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. आयुष्मान भारत योजनेवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात ७,४९,८२० लाभार्थींची नोंद एकाच मोबाइल क्रमांकावर होती, आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा ९. आधीच्या उपचारात मृत म्हणून नोंद झालेले ३,४४६ रुग्ण पुन्हा उपचार घेताना दिसत होते आणि त्यांच्यापोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. पात्रता ठरवायला मोबाइल क्रमांक लागतच नाही, असा खुलासा सरकारने केला. तो खुलासा मान्य केला, तरी मेलेल्या रुग्णाचं बिल उरतंच. कॉम्प्युटरने दहाही आकडे ९ असलेला नंबर निमूट घेतला. तो चुकीचा आहे हे माणसांनी शोधलं. कॅगचे अहवाल संसदेपुढे येतात आणि लोकलेखा समिती, म्हणजे सरकारी खर्चावर नजर ठेवणारी खासदारांची समिती, ते तपासू शकते. १९६७ पासून त्या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे ठेवण्याची प्रथा आहे. यंत्रणेवर जितका जास्त पैसा, तितकी ही तपासणी जास्त लागते, कारण चुकीची नोंद एकदा शिरली की लाखांच्या संख्येने शिरते.

मिनिटाला अडीच लाख हा आकडा २०१२ पासून फिरतोय. सभागृह गोंधळात वाहून जातं, पैसे पाण्यात जातात, हे खरं आहे आणि त्याचा राग मलाही येतो. पण त्यावर उपाय म्हणून प्रश्नच विचारू नयेत, हे कुठलं गणित? सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, त्या वर्षीचं हिवाळी अधिवेशन झालंच नाही. महामारीच्या ऐन वर्षात मंत्र्याला उभं करून तोंडी विचारण्याची सोय गेली. लेखी उत्तरं मिळत होती, पण लेखी उत्तराला उपप्रश्न विचारता येत नाही.

समित्यांची कुचंबणाही खरी आहे. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे १५व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७व्या लोकसभेत फक्त १६ टक्के. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच चीड असेल तर ती या आकड्यावर काढावी.

आणि "चहापाना"तून काहीच निघत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख. २१ नोव्हेंबर २०२० रोजी याच आरोग्य समितीने, रामगोपाल यादव अध्यक्ष असताना, कोविडवरचा १२३वा अहवाल राज्यसभेच्या सभापतींना दिला. रुग्णालयांच्या गरजेप्रमाणे ऑक्सिजन मिळावा म्हणून त्याच्या पुरेशा उत्पादनाला सरकारने चालना द्यावी आणि सिलिंडरच्या किमतीवर मर्यादा घालावी, असं त्यात लिहिलं होतं. पाच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, माझ्या दुकानासमोर लोक रिकामा सिलिंडर घेऊन उभे होते. मी औषधवाली, माझ्याकडे ऑक्सिजन नसतो, हे त्यांनाही माहीत होतं. तरी ते विचारत होते, कुणाचा नंबर आहे का.

भाषण येत्या शनिवारी आहे. भाचीने तिसरं पान फाडून नवीन लिहिलं. समान पत्रांची गोष्ट तिने घेतली, लशीचा भाग वेळेत बसत नाही म्हणून सोडला. ऑक्सिजनच्या अहवालाची तारीख मात्र तिला दोनदा म्हणायला सांगितली आहे, सावकाश, महिना आणि वर्षासकट.