जीआरईची ‘विरुद्धार्थी’ यादी: खुलासा

‘जीआरईत विरुद्धार्थी शब्द विचारतात, ही यादी पाठ करा’ असा मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. जीआरई म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. मेसेजमधली माहिती जुनी आहे. विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसाधर्म्याचे (शब्दांच्या जोडीतलं नातं ओळखायचे) प्रश्न ऑगस्ट 2011 मध्येच बंद झाले.

आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते. एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे, की ते एकेक करून भरल्यावर होणाऱ्या दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच राहील. इथे नुसती यादी घात करते. ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनियस’ दोन्हींपुढे ‘काटकसरी’ लिहिलेलं असतं. पण पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात चिक्कूपणाचा ठपका. कौतुकाच्या वाक्यात दुसरा शब्द चुकतोच. शब्द जरूर शिका, कष्ट वाया जात नाहीत, मात्र प्रत्येक शब्द दोन-तीन वाक्यांत वाचून शिका.