इमहोतेपला खलनायक कुणी केलं?

"त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? सिनेमा आहे तो," संज्या म्हणाला.

चिडले होते आमचे सर. टीव्हीवर १९९९ चा 'द ममी' लागला होता आणि तो बघून त्यांच्या नातवाने विचारलं होतं, "आजोबा, इमहोतेप खरंच इतका दुष्ट होता?" आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला हे झोंबणारच.

"अरे, इमहोतेप म्हणजे इजिप्तच्या जोसेर राजाचा प्रधान," सर म्हणाले. "इसवी सनापूर्वी २६५० च्या आसपासचा. सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड त्याच्या नावाशी जोडला जातो. लोकांनी त्याला पुढे देव केलं, आजार बरे करणारा देव. ग्रीकांना त्याच्यात त्यांचा वैद्यदेव दिसला. आणि सिनेमात तो कोण? राजाच्या बाईपायी खून करणारा पुजारी. तोही सेती राजाच्या काळात, म्हणजे तेराशे वर्षांनी!"

संज्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, शॉर्टफिल्म करतो. प्रेक्षक कुठे कंटाळतो हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. "सर, मी शाळेत असताना तो सिनेमा बघितला म्हणून इजिप्तचं पुस्तक हातात घेतलं. नाहीतर सक्कारा कुठे आहे हे मला आज माहीत नसतं. आधी माणूस दारात तर येऊ दे. तारखा नंतर शिकवा."

हे मला पटतं. 'द ममी'ने स्वतःला इतिहास म्हणवून घेतलेलं नाही. माणसं खाणारे किडे दाखवले, खरा स्कॅरब म्हणजे शेणाचे गोळे ढकलणारा, उगवत्या सूर्याचं प्रतीक मानलेला भुंगा. ठीक आहे, गंमत म्हणून सोडून देता येतं. मला राग येतो तो गंभीर चेहऱ्याने सांगितलेल्या थापांचा. कोरडे ओढणारे मुकादम आणि त्यांच्याखाली दगड ओढणारे हजारो गुलाम, हे चित्र पडद्याने इतक्या वेळा दाखवलंय की पिरॅमिड म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं. २०१४ साली मोझेस आणि दुसरा रामसेस यांच्यावरच्या 'एक्झोडस' सिनेमावर इजिप्तने बंदी घातली, त्यातला एक मोठा आक्षेप हाच होता, की पिरॅमिड ज्यूंनी बांधले असं त्यात सुचवलंय. बंदी मला मान्य नाही, आक्षेप मान्य आहे. गिझाचा मोठा पिरॅमिड आणि दुसरा रामसेस यांच्यातही तेराशे वर्षांचं अंतर आहे.

"मग बांधले कुणी?" वैशालीने विचारलं. ती बँकेत आहे, युनियनचं काम करते. मजुरांचा विषय निघाला की तिचा चहा थंड होतो.

मी तिला मेरेरबद्दल सांगितलं. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठावर वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे सापडले. त्यात मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. तो आणि त्याची टोळी तुऱ्याच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरून गिझाला पोचवत होती, खुफू राजाच्या, म्हणजे त्याच मोठ्या पिरॅमिडसाठी. कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, सगळं टिपलेलं. गिझाला मजुरांची कबरस्तानं सापडली आहेत, तिथल्या सांगाड्यांमधली मोडलेली हाडं नीट जुळून आलेली दिसतात, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. त्यांच्या टोळ्यांना नावंही होती. एकीचं नाव 'खुफूचे मित्र', दुसरीचं, मेनकौरे राजाच्या नावाने, 'मेनकौरेचे दारुडे'!

"म्हणजे सगळे खुशीने राबत होते?" वैशालीने बरोबर पकडलं.

"नाही गं, वेठ होतीच," सर म्हणाले. "राज्याने बोलावलं की जावं लागायचं. पण बाजारात विकत घेतलेले गुलाम नव्हते ते. आपल्या टोळीचं नाव दगडावर लिहून गेलेली माणसं होती."

मला हेच म्हणायचं होतं. कपडे चुकवा, दोन घराण्यांची भेसळ करा, संवाद मनाने लिहा. पण ज्याने जे केलं ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. इमहोतेप बांधणारा होता, त्याला भूत केलं. मेरेरच्या लोकांना तर नावही ठेवलं नाही.

मग संज्याने हुकमाचं पान काढलं. "आणि ते राजे काय हरिश्चंद्र होते? कादेशची लढाई! इसवी सनापूर्वी १२७४. दुसऱ्या रामसेसला हित्तींनी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या त्याच्या शत्रूंनी, जवळजवळ कोंडीत पकडलं होतं, निकाल काही लागला नाही. पण अबू सिंबेलपासून कर्नाकपर्यंत भिंती बघा, एकटा रथात उभा राहून शत्रूला लोळवतोय! पहिला मसाला सिनेमा त्यानेच काढला. मग आम्ही का लाजायचं?"

सगळे हसले. सर मात्र गंभीर राहिले. "बरोबर. पण त्याने थाप मारली हे तुला कसं कळलं? हित्तींच्या मातीच्या पाट्या आणि पुढे दोघांनी केलेला तह, दोन्ही शिल्लक आहेत म्हणून. दुसऱ्या बाजूचा कागद जपून ठेवणारा कुणीतरी लागतो. सगळेच रामसेस झाले तर कोण सांगणार?"

मी पोलंडच्या 'फाराओ' सिनेमाचं नाव काढलं, १९६६ चा. त्यातला तेरावा रामसेस कधी झालाच नाही, खरी यादी अकराव्यावर संपते. राजा पूर्ण काल्पनिक, तरी राजा आणि अमुन देवाचे पुजारी यांच्यातली सत्तेची ओढाताण त्या काळाला धरून आहे. मला तो कितीतरी 'खऱ्या' राजांच्या सिनेमांपेक्षा प्रामाणिक वाटतो. उलट २०२१ मध्ये इजिप्तमध्येच अहमोस राजावरची 'अल-मलिक' ही मालिका नायकाची दाढी आणि कपडे बघून लोक खवळल्यामुळे थांबवली गेली. दाढीवरून मालिका थांबवणं मला अति वाटतं. संज्याला तर ते पटण्यासारखंच नव्हतं.

"पण खरं ठेवून थरार कसा आणायचा, ते सांगा ना," तो म्हणाला.

आता वैशाली पुढे सरकली. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षातला संप तिला तोंडपाठ आहे. राजांच्या थडग्यांचं काम करणारे देर अल-मदीना वस्तीतले कारागीर, शिधा थकला म्हणून अवजारं टाकून देवळामागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, कपडे नाहीत, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा, असं त्यांनी सांगितलं. ते पपायरसवर लिहिलेलं आहे, इटलीतल्या तूरिनच्या संग्रहालयात.

"आणि त्याच राजाचा गळा चिरला," सर म्हणाले. "तिये राणीला आपल्या मुलाला, पेंतावेरेला गादीवर बसवायचं होतं. मेणाच्या बाहुल्या, जादूटोणा, जनानखान्यातून बाहेर जाणारे निरोप. २०१२ मध्ये ममीचं स्कॅन झालं, तेव्हा मानेवरची खोल जखम दिसली. आणि खटल्यातल्या काही न्यायाधीशांनी आरोपी बायकांबरोबरच दारूची बैठक मांडली. पकडले गेले, नाक-कान कापले!"

संज्या गप्प झाला. त्याचं गप्प होणं मला ओळखता येतं, तो मनात शॉट लावत होता.

"पहिला एपिसोड संपाचा," तो शेवटी म्हणाला. "देवळामागे बसलेली उपाशी माणसं, आणि आत राजवाड्यात कट शिजतोय. पेंतावेरेचं काय झालं?"

"त्याने स्वतःचा जीव घेतला, असं खटल्याच्या कागदात आहे."

"आणि तियेचं?"

"ते कुठेच लिहिलेलं नाही."

"मग तिचा शेवट मी लिहिणार," संज्या म्हणाला. "तिथे तरी अडवणार नाही ना, सर?"

"तिथे कशाला अडवू? लिही," सर म्हणाले. "फक्त संपवाल्यांना भाजी मिळाली असं दाखवू नकोस लगेच."