ओळखीचा चढ

शर्यतीआधी सायकलचा मार्ग एकदा नजरेखालून घालावा, असा सल्ला ट्रायथलॉनमधील प्रत्येक अनुभवी माणूस देतो; तो मानल्यावर झोप का उडते, हे मात्र कोणी सांगत नाही. माझी शर्यत ऑलिंपिक अंतराची होती, म्हणजे 1.5 किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल आणि वर 10 किलोमीटर धावणे. मी प्रथम मोटारीतून मार्ग पाहिला आणि ‘सपाट आहे’ असा शेरा मारून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन गेलो, तर बाराव्या किलोमीटरला कोणीतरी रातोरात एक चढ आणून ठेवलेला होता. 6 टक्के चढ म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 6 मीटर वर जाणे. कागदावर हा आकडा ठेवीवरील व्याजासारखा निरुपद्रवी वाटतो, परंतु येथे व्याज आपल्याला मिळत नसून आपल्या मांड्यांकडून वसूल होत असते. गिअर चढ लागण्यापूर्वी बदलावा, हे मला पाठ होते. तरीही मी तो चढाच्या मध्यावर, पेडलवर सारा भार टाकून बदलला आणि साखळी उतरली. काळ्या झालेल्या हातांनी ती चढवत असताना एका सद्गृहस्थांनी ‘मदत हवी का?’ असे विचारले, तेव्हा ‘नको, मार्गाची पाहणी चालू आहे,’ असे मी शक्य तितक्या गांभीर्याने सांगितले.

चढ संपल्यावर सायकल अशी काही धावू लागली की महिनाभराच्या सरावाचे चीज झाले, असे मला वाटले. ते चीज पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचे होते, हे वीस किलोमीटरवर वळसा घेतल्यावर कळले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा शाळेतला नियम परतीच्या वाटेवर मला पहिल्यांदा मनापासून पटला. मी प्रत्येक खड्डा टिपून घेतला आणि त्या रात्री अंथरुणात तो मार्ग सात वेळा पूर्ण केला. त्यांपैकी दोनदा साखळी उतरली.

शर्यतीच्या दिवशी वारा उलट दिशेने वाहत होता. माझ्या यादीतला सर्वांत मोठा खड्डा बुजवलेला होता आणि तो शोधण्याच्या नादात मी शेजारच्या, यादीत नसलेल्या खड्ड्यात गेलो. गिअर या वेळी वेळेवर, किंबहुना चढाच्या अर्धा किलोमीटर आधीच बदलल्यामुळे तेथपर्यंत माझे पाय रवीसारखे गरगरत होते. आमच्या शर्यतीत दुसऱ्याच्या आडोशाने सायकल चालवण्यास मनाई होती आणि मागे टाकलेल्या स्पर्धकाने ठरावीक अंतर सोडून मागे सरकावे, असा नियम होता. त्या चढावर मी तो नियम इतक्यांदा आणि इतक्या निष्ठेने पाळला, की मोटारसायकलवरून लक्ष ठेवणारे पंच शेवटी माझ्याकडे बघेनासे झाले.