रेशनवर बोलण्याआधी एकदा कंट्रोलच्या लाइनीत उभे राहा

आज सकाळी आमच्या घरच्याच ग्रुपवर तो मेसेज परत फिरत आला. "फुकट रेशन खाऊन मजूर माजलेत. ते बंद करा, मग बघा कसे धावत येतात." खाली अंगठ्यांची रांग, दोन-तीन हसरे चेहरे आणि माझ्या सख्ख्या काकांचं "शंभर टक्के खरं". मी तिथे काही लिहिलं नाही. तिथे लिहिलं की सणावाराला तोंडं फिरतात. पण दिवसभर डोकं तापलेलं आहे, म्हणून इथे लिहिते. लांब होईल, वेळ असेल त्यांनी वाचा.

माझ्या लिस्टमधले निम्मेअधिक लोक शेतकऱ्याच्या घरातले आहेत. दारात आलेल्याला जेवू घातल्याशिवाय आपल्या आयांनी कधी कोणाला पाठवलं नाही. त्यामुळे भुकेल्याला धान्य द्यावं की नाही, यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. फक्त हे 'फुकट' आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात पदरात कसं पडतं, तेवढं ऐका.

आमच्या वावरात निंदायला येणारी एक मावशी आहे. आईच्या वेळेपासून येते. तिच्या गावच्या कंट्रोलचा, म्हणजे रेशन दुकानाचा, परवाना निलंबित झाला आणि गाव शेजारच्या गावच्या दुकानाला जोडलं गेलं. आदेश काढणाऱ्याला एक ओळ लिहावी लागली असेल. मावशीला मधला नाला ओलांडून पाच किलोमीटर जावं लागतं आणि तेवढंच परत यावं लागतं, येताना डोक्यावर गाठोडं. दुकान काही रोज उघडं नसतं. माल आला की चार-सहा दिवस वाटप, त्यातही "सर्व्हर नाही" म्हणून अर्धा दिवस शटर खाली. माल आल्याची खबर वावरात पोचते, बाया खुरपी टाकून निघतात, आणि इकडे आपण बांधावर उभं राहून म्हणतो, बघा, रेशन आलं की कामाला दांडी.

निंदणाचा रोज अडीचशे-तीनशे. तो बुडवून ती जाते, आणि ठसा घेणाऱ्या पॉस मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. मी सोबत होते तेव्हा पाहिलंय. अंगठा पदराला घासते, फुंकर मारते, परत ठेवते. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. मागची लाइन चुळबुळायला लागते. दुकानदार मान वर न करता म्हणतो, "उद्या या." मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "काय करू वो बाई, अंगठाच घासला." तिच्या आवाजात अशी लाज होती की जणू चूक तिचीच.

हो, नियमात ओटीपीची सोय आहे, मला माहीत आहे. मोबाइल पोराजवळ आहे आणि पोरगा पुण्याला बांधकामावर आहे. फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपते.

आता त्या 'माजलेल्या' घराचा हिशोब करू. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य. पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून मोफत. अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरटी ३५ किलो, पण मावशी अंत्योदयात नाही. तिच्या कार्डावर ती, पोरगा आणि सून, म्हणजे १५ किलो. पोरगा गावी आला की घरात पाच तोंडं, कारण दोन्ही नातवांची नावं कार्डावर चढलेलीच नाहीत. पंधरा किलो, पाच माणसं, तीस दिवस. दिवसाला माणशी शंभर ग्रॅम. काका, शंभर ग्रॅमवर कोण माजतं?

नावं का चढत नाहीत? तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारलं की उत्तर तयार असतं: "इष्टांक शिल्लक नाही." राज्यातल्या किती लोकांना धान्य द्यायचं तो आकडा केंद्राने ठरवून दिलाय, साधारण सात कोटी, आणि तो बेतलाय २०११ च्या जनगणनेवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेली पोरं शाळेत जाऊ लागली, काहींना मिसरूड फुटलं, पण आकडा तिथेच. कोणी मेलं, कोणाचं नाव कटलं, तर त्या जागी नवीन नाव. म्हणजे मावशीच्या नातवाला भात मिळायला गावात कोणाचं तरी नाव कटायची वाट बघायची.

आणि उत्पन्नाची मर्यादा! २०१४ साली राज्यात हा कायदा लागू झाला तेव्हा खेड्यासाठी वर्षाला ४४ हजार धरली होती. अहो, एखाद्या बाईला वर्षातून दोनशे दिवस काम मिळालं तरी अडीचशेने पन्नास हजार होतात. वर्षभर वाकून निंदणारी बाई या हिशोबात श्रीमंत ठरते. हे लिहितानाही माझे हात थरथरतायत.

काही जण म्हणतील, लोक कंट्रोलचा तांदूळ विकतात. विकतात, मी नाकारत नाही. गल्लीत मोटारसायकलवर पोती बांधून घेणारे फिरतात, मीही बघते. पण आमच्याकडे रोजचं जेवण भाकरी-पोळीचं. तांदूळ जास्त आणि गहू कमी आला की बाई दोन किलो तांदूळ देऊन तेलाची पुडी आणि तिखट आणते. सरकार तेल देत नाही, डाळ देत नाही. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल असा आनंदाचा शिधा आला, सणापुरतं बरं झालं. पण रोजच्या वरणाचं काय? तुरीच्या जिल्ह्यात राहून मावशी तुरीची डाळ पाव-पाव किलो आणते.

आणि त्या तांदळात पोषणमूल्यं वाढवलेले दाणे मिसळलेले असतात, शंभराला एक, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२. चांगली गोष्ट आहे. पण मावशीला हे कोणी सांगितलंच नाही. ते दाणे जरा वेगळ्या रंगाचे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून गावभर "प्लास्टिकचा तांदूळ" अशी बोंब. तिची सून सूप मांडीवर घेऊन बसते, एकेक दाणा निवडते आणि कोंबड्यांना टाकते. अंगात रक्त कमी म्हणून त्याच सुनेला आशाताई गोळ्या देऊन जाते. आशाताई त्याच गल्लीतून जाते, ग्रामसेवक येतो, दुकानदार तर समोरच बसलेला असतो. एका माणसाने दोन मिनिटं काढून सांगितलं असतं तर?

आता अन्नसुरक्षेच्या यादीत नसलेल्या आमच्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा, असे आत्महत्याग्रस्त चौदा जिल्हे. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य स्वस्तात मिळायचं. २०२३ पासून ते बंद करून खात्यात पैसे, आधी १५० रुपये, मग १७०. मावशीची शेजारीण दोन एकरवाली आहे, तिचं हेच झालं. बाजारभावाने १७० मध्ये पाचेक किलो धान्य येतं, तेवढा हिशोब जुळतो, मान्य. पण पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, आले की नाही ते बघायला तालुक्याला जायचं, आणि गावातल्या एकुलत्या किराण्यात तेच गहू तालुक्यापेक्षा महाग. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं हे फार चांगलं झालं, पण तिच्या गावाला एसटी यायला तर हवी. काळीपिवळीत अर्धं तिकीट नसतं. धान्य दारात आलं असतं तर पैशांसारखं नवऱ्याच्या हाती तरी लागलं नसतं. तिनेच सांगितलं मला हे, खाली बघत.

दुकानदारालाच सगळा दोष देऊन मोकळं व्हावं असंही वाटत नाही. क्विंटलमागे दीडशे रुपये मार्जिन होतं, २०२५ मध्ये १७० केलं. त्यात दुकानभाडं, वीज, हमाली. तरीही पावती मागितली की कपाळाला आठ्या आणि पंधराचे चौदा किलो, हे खपवून घेणार नाही. पावती हा आपला हक्क आहे. मशीनमधून निघते ती, कागद संपला म्हणतात तेव्हा तिथेच उभं राहायचं.

मघाशी लिहायला बसले तेव्हा काकांचा फार राग आला होता. आता थोडा निवळलाय. काका वाईट माणूस नाही. सोयाबीनला भाव नाही, कापूस वेचायला माणूस नाही, सोंगणीच्या वेळी पाऊस येतो आणि घरात बँकेची नोटीस. त्यांचा जीव जळतोय, तो मला दिसतो. पण तो जळका जीव घेऊन ते पीकविम्यावाल्याकडे जात नाहीत, व्यापाऱ्याकडे जात नाहीत, मावशीच्या गाठोड्याकडे बघतात. याच मावशीने आईच्या शेवटच्या दुखण्यात आमच्या घरात स्वयंपाक केलाय आणि काका तो जेवलेत.

गावोगावी रेशनच्या वाटपावर लक्ष ठेवणारी दक्षता समिती कागदावर असते. तुमच्या गावात कोण आहे त्यात? मीही आमच्या गावचं विचारलंय, अजून कोणी नावं सांगितलेली नाहीत. ग्रामसभेत विचारणार आहे.

आणि एक मदत हवी आहे. मावशीच्या दोन्ही नातवांचे जन्मदाखले आहेत, आधार आहे, अर्ज दिलेला आहे, पोच माझ्याकडे आहे. इष्टांकाचं कारण सांगून तो पडून आहे. तुमच्या तालुक्यात कोणाच्या पोरांची नावं अलीकडे चढली असतील तर अर्ज कोणत्या टेबलावरून पुढे सरकला, कोणता कागद लागला, कोणाला भेटलात, ते खाली लिहा. तहसीलमधली ओळख नको, रस्ता सांगा. सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे, आणि त्या दिवसाचा तिचा रोज मी देणार आहे.