गुरुवारी २ ते ३

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज सर्वांत जास्त भारतीय आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रातच ते ४९ हजारांवर होते. त्यांतलाच लातूरचा एक मुलगा परवा रडवेला होऊन माझ्या घरी आला. एका विषयात दुसऱ्यांदा ५.० मिळाले होते. इथे १.० सर्वांत चांगले, ४.० पर्यंत पास, ५.० म्हणजे नापास. बऱ्याच विद्यापीठांत तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रमच संपतो. मी विचारलं, ''सरांना भेटलास का?'' म्हणाला, ''नाही ताई, त्यांना राग आला तर?''

सरांच्या दारावर पाटी आहे : गुरुवारी २ ते ३. ही 'श्प्रेखश्टुंड', भेटीची वेळ. शिवाय निकालानंतर 'आइनझिख्त' असते. तपासलेला पेपर समोर ठेवतात, गुण कुठे गेले ते बघता येतं, विचारता येतं. दोन वर्षांत हा पोरगा दोन्हींकडे फिरकला नव्हता.

आपल्याकडे अशा वेळी 'मराठी मुलं बुजरी' म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, मुलांशी बोलण्याच्या तासाचे नाही. बसायला धड खोली नाही, तास संपला की दुसऱ्या कॉलेजची एसटी गाठायची. अशा शिक्षकाला मुलांनी गाठायचं तरी कुठे? आपली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला, चांगलंच झालं. पण अर्ज करून, पैसे भरून हातात येते ती झेरॉक्स. तिला काही विचारता येत नाही.

नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं येणार म्हणून सध्या फीची चर्चा जोरात आहे. ती व्हावीच. पण तासिकेवरच्या शिक्षकाला आठवड्यातून एक पगारी तास मुलांना भेटायला द्या, ही मागणी मला त्याहून निकडीची वाटते.

मुलगा गेल्या गुरुवारी गेला. उत्तरं बरोबर होती, पण गृहीतकं लिहिलेलीच नव्हती. सरांनी दोन जुने प्रश्न सोडवून आणायला सांगितलेत. पुढच्या गुरुवारी, २ वाजता.