कोयता म्हणजे दोन माणसं. लेकरू कुठं मांडायचं?

माझे वडील ऊसतोडीचे मुकादम होते, म्हणजे तोडणीसाठी मजुरांची टोळी जमवून नेणारे. आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कुणीतरी येऊन सांगेलच. माझं इंजिनिअरिंग त्यांच्या कमिशनवर झालं, म्हणजे पन्नास-साठ माणसांच्या घामावर. त्यामुळे या विषयावर फार उंचावरून बोलायची माझी लायकी नाही.

निमित्त ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. ऊसतोड कामगारांच्या मुलांची एक बातमी कुणीतरी टाकली. त्यावर एकाने लिहिलं, "शाळा फुकट, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, वर वसतिगृहं. तरी पोरं फडात नेतात. आईबापालाच पोरांची पडलेली नाही." सतरा अंगठे पडले. मी तिथं गप्प बसलो. इथं लिहितो, कारण दोन ओळींत मावणारं नाही.

वडिलांची वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. नाव, गाव, कोयते, उचल, खाडे, टन, बाकी. एवढेच रकाने. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, ते तोडणीच्या मजुरीतून फेडायचे. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. नाव नवऱ्याचं, सही नाहीतर अंगठा नवऱ्याचा, पैसे नवऱ्याच्या हातात. बाई तेवढाच ऊस तोडते, वर पहाटे उठून भाकरी थापते, आणि वहीत ती कोयत्याच्या आत कुठंतरी असते. लेकराचा तर रकानाच नाही. दहा वर्षांची पोरगी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, पाणी आणते, धाकट्याला काखेत घेऊन फिरते. ते काम कुणीच मांडत नाही.

आता उचलीचं गणित. 2024 च्या जानेवारीत ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ यांच्यात तडजोड होऊन तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. टनाला साधारण 366 रुपये झाले. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. दोनच धरू. म्हणजे जोडप्याचे दिवसाला 732 रुपये. त्यांनी हंगामाआधी लाखाची उचल घेतली असेल, तर ती फिटायला 137 दिवस लागतात, एकही सुट्टी न घेता. आणि हंगाम काही दरवर्षी तेवढा चालत नाही. उरलं ते 'बाकी'च्या रकान्यात, पुढच्या वर्षीसाठी. शिवाय मधल्या काळात किराण्याला लागतील ते पैसेही त्याच खात्यावर चढतात.

एक दिवस काम चुकलं की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे रुपयांच्या आसपास कापले जातात. म्हणजे लेकरू तापाने फणफणलं आणि त्याला तालुक्याला न्यायचं झालं, तर डॉक्टरची फी नंतर, आधी हजारभर रुपये गेले. पाळीत पोट दुखतंय म्हणून बाई कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पडून राहिली तरी तेच. मग गर्भाशयच काढून टाकलेलं बरं, हा सल्ला गावोगाव का पटला, याचं उत्तर मला या रकान्यात दिसतं. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या बायकांना अडाणी म्हणणारे मला बरेच भेटले. खाडा कोण लावतं, असं विचारणारे त्या मानाने कमी.

माझी आईसुद्धा टोळीबरोबर यायची, पण तोडायला नाही. टोळीतल्या बायका तिला म्हणायच्या, "काकू, लेकराकडं जरा नजर ठिवा." तिची नजर किती पोरांना पुरणार? फड दर दोन-चार दिवसांनी बदलतो. बांधावर पाचटाच्या ढिगाशेजारी तान्हं पोर झोपवायचं. ट्रॅक्टर मागं येतो, विहिरीला कठडा नसतो. दर हंगामात अशा बातम्या येतात, आणि 'आईच्या दुर्लक्षामुळे' अशा थाटाची ओळ त्यात हमखास असते.

वसतिगृहांचं म्हणाल तर ती हवीतच, त्यावर माझा वाद नाही. संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी योजना आहे: 41 तालुके, 82 वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलं. सगळी भरली तरी आठ हजार दोनशे. गावातली हंगामी वसतिगृहं वेगळी. तिथं पोरगं आजीकडं झोपतं आणि दोन वेळचं जेवण सरकारचं. आजी धड चालती असेल तर बरं जमतं. पण ही सोय शाळेत जाणाऱ्यांसाठी, दोन वर्षांच्या पोराला कोण घेणार? आणि तेरा वर्षांच्या मुलीला मागं ठेवायला आई तयार होत नाही, तिची भीती खोटी नाही. सोबत न्यावी तर कोपीला दार नाही. मग तिसरा रस्ता असतो लग्नाचा. त्यात एक कुरूप सोय आहे: लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि त्यावर नवी उचल मिळते. बालविवाहाविरुद्ध शाळेत पथनाट्यं करतात, चांगलं आहे, पण या नव्या उचलीबद्दल त्यात एक वाक्य मी ऐकलेलं नाही.

कायदे नाहीत असं नाही. 2017 पासून पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक आहे, बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली. माझ्या कंपनीत दोन्ही आहे. कारखान्यात कायम नोकरीवर असलेल्या बाईलाही रजा आहे. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारी बाई मात्र कारखान्याची कामगार नाही, ती मुकादमाची माणूस. मुकादम म्हणतो मी मधला, पैसे वाहतूकदाराचे. वाहतूकदार म्हणतो करार कारखान्याशी. ही साखळी मला घरातून माहीत आहे. ती टिकली कारण तिच्या प्रत्येक कडीला "मी मालक नाही" असं म्हणता येतं.

रेशनचं, अंगणवाडीचं तेच. कागदावर कार्ड कुठंही चालतं. पण कार्ड एकच, ते आजी-आजोबांपाशी, आणि दुकान कारखान्याच्या तळापासून पाच-सात किलोमीटरवर. तिथं जाऊन अंगठा लावायचा म्हणजे पुन्हा खाडा.

आणि मुळात माणूस उचल घेतोच का? रोजगार हमी आपल्याच राज्याने देशाला दिली. 1972 च्या दुष्काळातून उभी राहिली, 1977 ला कायदा झाला. गंमत म्हणजे पगारातून महिन्याला जे 200 रुपये (फेब्रुवारीत 300) व्यवसाय कर म्हणून कापले जातात, तो कर 1975 साली याच रोजगार हमीसाठी सुरू झाला. ग्रुपवरच्या त्या सतरा जणांनाही तो बसतोच. पण हमीचं काम उचल देत नाही. पोरीच्या लग्नाला, सासऱ्याच्या ऑपरेशनला, बोअर मारायला एकरकमी पैसा लागतो, आणि तो ऑगस्ट-सप्टेंबरात घरी आणून देणारा एकच माणूस असतो: माझे वडील. बँक दारात उभी करत नव्हती, तेव्हा मुकादम चहा पाजून लाख रुपये देत होता. याला पर्याय उभा न करता स्थलांतर थांबवायची भाषणं मला ऐकवत नाहीत.

काय करता येईल, तेही आपल्याच इतिहासात आहे. 1969 चा माथाडी कायदा. हमालांचंही असंच होतं: आज या गाळ्यावर, उद्या त्या, मालक कोण ते ठरेना. आण्णासाहेब पाटलांनी माथाडी संघटित केले आणि कायद्याने मंडळ आलं. कामगाराची नोंद मंडळाकडं, व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक शंभर असोत, खातं एक. आज त्या कायद्याच्या नावावर खंडणीचे प्रकार चालतात हेही खरं आहे, पण म्हणून मूळ कल्पना वाईट ठरत नाही.

ऊसतोडीसाठी गोपीनाथ मुंड्यांच्या नावाचं महामंडळ झालंय. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे, तेवढेच सरकारने. हजार लाख टन गाळप धरलं तर कारखान्यांचेच शंभर कोटी होतात. पण महामंडळ योजना देतं, मजुरी त्याच्या हातात नाही. माझं म्हणणं एवढंच: मजुरी आणि उचल दोन्ही त्या खात्यातून जाऊ द्या. कोयत्याऐवजी दोन नावं, दोन खाती. महिन्याला दोन-तीन भरपगारी खाडे. बाळंतीण झालेल्या बाईला हंगामाची मजुरी. आणि तळावर पाळणाघर, टोळीतल्याच एका बाईला रोजावर ठेवून. याचा खर्च टनावर लावा. साखर किलोला थोडी महागली तर माझ्या चहाला झेपेल.

हे सगळं मागच्या रविवारी वडिलांना वाचून दाखवलं. आता सत्तरी ओलांडली आहे त्यांनी, गुडघे गेलेत. खाड्यापाशी थांबवून म्हणाले, "मला लई हौस होती व्हय खाडे मांडायची? गाडी रिकामी गेली की माझ्याच बिलातून कापायचे." मग बराच वेळ सुपारी कातरत बसले. पाळणाघराचं वाचल्यावर म्हणाले, "तुझी आई काय करायची मग? तिला कुणी रोज दिला?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता द्या की."